एकेरी, की परतीचं?

दर गुरुवारी येतो, बस सुटायच्या तासभर आधी,
ओर्ताचाला स्थानकात, माझ्याच खिडकीशी.
शेजारी नाझीब्रोला माश्या मारत बसलेली असते,
तरी माझ्याच.
टोपी काढतो, काचेच्या भोकाशी तोंड आणतो
आणि पहिल्यांदाच विचारावं तसं विचारतो:
इस्तंबूलला कसं जाता येतं, बाई?

मी सांगते. पगार त्याचाच मिळतो.
विमानानं अडीच तास.
उजवीकडे बसलं तर काळा समुद्र दिसतो म्हणे,
मी कधी बसले नाही.
वजनाची अट ऐकून तो मान हलवतो:
"तेवीस किलो? तेवढी तर
नुसती आलुबुखाराची चटणीच होईल."

बसनं एक दिवस आणि वर दोन तास,
सीमेवर रांग नसली तर.
रांग असतेच.
आगगाडी बातुमीपर्यंत. स्वच्छ, वेळेवर,
पण बातुमीला रूळ संपतात,
इस्तंबूल नाही सुरू होत.

"आणि बोट?"
बोट होती पूर्वी. माझ्या बापानं त्राब्झोनहून
च्युइंगमची पहिली पुडी आणली ती बोटीनंच,
आम्ही तिघी बहिणींनी ते एकच च्युइंगम
आळीपाळीनं चघळलं.
आता बंदरावरच जाऊन विचारावं लागतं.
"राहू द्या. मला बोट लागते," तो म्हणतो.
म्हणजे विषय काढला कुणी?

मागे रांग खोकायला लागते.
कपड्यांचे व्यापारी, रिकाम्या बॅगा घेतलेले,
आणि भरल्या बॅगांच्या बायका,
ज्या तिकडे परक्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालतात
म्हणजे इकडच्यांची औषधं येतात.

नाव ओतारी. हे नाझीब्रोलानं सांगितलं.
बायको, लामारा, अकरा वर्षं तिकडे,
एका आजींकडे. त्या आजी आता तिलाच आई म्हणतात.
याच्या पासपोर्टाचं घोंगडं कधीचं भिजत पडलंय.
दर गुरुवारी तो ड्रायव्हर जेमालच्या हातात एक डबा देतो,
द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा,
आणि बस वळणाआड जाईपर्यंत
टोपी हातातच.

एकदा म्हणाला, "चालत?"
मी हसले नाही.
म्हटलं, थोडं सगळ्यांनाच चालावं लागतं.
सार्पीला बस रिकामी पलीकडे जाते,
माणसं आपापलं बोचकं उचलून
एका लांबलचक बोळातून जातात,
शिक्का, पुन्हा चालणं, पुन्हा शिक्का.
"किती पावलं?"
वेळापत्रकात ते नव्हतं.
जेमालला विचारलं. तीस वर्षं जातोय तो.
म्हणाला, मला काय ठाऊक, मी चाकावर असतो.

नोव्हेंबरात एका गुरुवारी त्यानं काही विचारलं नाही.
भोकातून पासपोर्ट आत सरकवला.
कोरा. पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
मी जे सगळ्यांना विचारते तेच विचारलं:
एकेरी, की परतीचं?

तो खूप वेळ उभा राहिला.
त्या दिवशी रांगेतलं कुणी खोकलं नाही.
"तिनं कोणतं घेतलं होतं?"

मला आठवत होतं.
त्या महिन्यातच मी या खुर्चीत आले होते,
प्रत्येक तिकीट दोनदा तपासायचे.
परतीचं, मी म्हटलं.
तीन महिन्यांच्या मुदतीचं.

"मग तसंच द्या," तो म्हणाला,
आणि नोटा मोजल्या, सुट्या नाण्यांसकट.

पुढच्या गुरुवारी जेमालनं डबा परत आणून दिला,
रिकामा, धुतलेला.
आत एक चिठ्ठी, माझ्या नावाची, तीही नावात चूक करून.
आता कुणी विचारलं की सांगते:
विमान अडीच तास,
बस एक दिवस आणि वर दोन तास,
आगगाडी बातुमीपर्यंत,
बोटीचं काही खरं नाही,
आणि सार्पीला आठशे चाळीस पावलं,
म्हाताऱ्या माणसाची,
मध्ये दोनदा थांबून.